माझ्या पोटातली घाण

मित्रांनो, माझ्या पोटात एकेकाळी काय भरले होते ते आठवले की मला आजही शिसारी येते. ऐकताना तुम्हालाही येईल. पण मी काही झाकून सांगणार नाही. माझ्या आयुष्याचे पहिले वर्ष मी झाकण्याचेच काम केले, आणि त्याची मला आता चीड येते.

मी गेमिंग संगणकाची पेटी आहे. दुकानदार मला कॅबिनेट म्हणतात. काळा पत्रा, एका बाजूला काच, पुढे तीन पंखे आणि त्यांत रंग बदलणारे दिवे. मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड हे सगळे भाग माझ्यात बसतात. कारखान्यातून थर्माकोलमध्ये बसून मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात आले, तेव्हा माझ्या पोटात स्क्रूंच्या एका पुडीशिवाय काही नव्हते. तितकी स्वच्छ मी नंतर बराच काळ राहिले नाही.

दुकानाचा मालक रविराज. बोलायला फार गोड. एके दुपारी तो मला मागच्या खोलीत घेऊन बसला आणि त्याने माझ्यात एकेक भाग बसवायला सुरुवात केली. दोन-तीन भाग नवे होते. मग त्याने एका गोणीतून ग्राफिक्स कार्ड काढले. ते मालेगावच्या कुठल्याशा गेम पार्लरमधून आले होते. त्या पार्लरच्या भिंतीला लागून यंत्रमाग चालत. वर्षानुवर्षे उडालेला सुताचा तूस कार्डाच्या पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसला होता आणि पंख्याच्या तेलात भिजून त्याचे काळे, ओलसर बोळे झाले होते. रविराजने बाहेरून दिसेल तेवढे थिनरने पुसले. आत काडीही घातली नाही.

नंतर त्याने एसएमपीएस काढला. सगळ्या भागांना वीज वाटणारा हा लोखंडी डबा. त्याच्या जाळीतून झुरळांची लेंडी दिसत होती. रविराजने तो दोनदा टेबलावर आपटला, जे पडले ते चपलेने बाजूला सारले आणि जुन्या लेबलावर नवे चकचकीत लेबल चिकटवले. माझ्या तळाशी एक झाकलेला कप्पा आहे, तिथे काचेतून काही दिसत नाही. तिथे त्याने तो ढकलला. शेवटी माझ्या काचेच्या स्क्रूवर एक कागदी सील लावले: 'सील तुटल्यास वॉरंटी रद्द.' आणि हात न धुताच तो पाववडा खायला बसला.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या काउंटरवर होते. दिवे लावले की मी किती सुंदर दिसत असे, हे सांगायला मला आता लाज वाटते. लोक थांबून माझे फोटो काढत. मी खूश होत असे.

तेव्हाच खंडेराव आणि त्यांची मुलगी तेजस्विनी दुकानात आले. खंडेराव सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षे लेथवर काम करत होते. तेजस्विनी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. ती गेम फार चांगली खेळायची. तिच्या कॉलेजातल्या पाच मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणार होता, आणि मोबाइलवर खेळून तिथे निभावणार नव्हते. तिने वहीच्या पानावर लागणाऱ्या भागांची यादी करून आणली होती.

"पप्पा, सगळे पार्ट सुटे घेऊ," ती म्हणाली. "मी घरी जोडते. मला येतं."

रविराज हसला. "ताई, व्हिडिओ बघून सगळ्यांनाच येतं. एक पिन वाकली की बोर्ड गेला. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही." मग तो खंडेरावांकडे वळला. "काका, तुम्ही कारखान्यातले. तुम्हीच सांगा, पोरीबाळींनी घरी बसून जोडायची वस्तू आहे का ही? हे तयार मशीन घ्या. काही झालं तर मी आहे ना."

खंडेरावांनी एकदा यादीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "तेजू, यांचं रोजचं काम आहे. बिघडलं तर धरायला एक माणूस तरी राहील."

"पण पप्पा, आत नक्की काय काय लावलंय ते..."

"झालं ना आता बोलून."

तिने यादीची घडी करून पर्समध्ये ठेवली. त्या वेळी मी काय केले, मित्रांनो? माझे दिवे हिरव्याचे निळे केले.

सातपूरच्या घरी माझे कौतुक झाले. तेजस्विनीच्या आई चंद्रभागा रोज सकाळी माझी काच पुसायच्या. पहिले काही महिने बरे गेले. पण उन्हाळा सुरू झाला आणि माझे पोट तापू लागले. तुसाने चोंदलेल्या कार्डातून गरम हवा बाहेरच पडेना. खालच्या कप्प्यात एसएमपीएसमधल्या बारीक नळकांड्या फुगल्या आणि त्यांतून पिवळट, चिकट काहीतरी झिरपू लागले. ते माझ्या तळाच्या पत्र्यावर पसरत होते. मला ते जाणवत होते. अंगावर कोणी थुंकावे आणि आपल्याला पुसता येऊ नये, तसे.

पात्रता फेरी एका रविवारी दुपारी होती. सगळ्या मुली आपापल्या घरून खेळत होत्या. सामना ऐन रंगात आला आणि मी बंद पडले. तेजस्विनीने घाईघाईने मला पुन्हा चालू केले. दहा मिनिटांनी मी पुन्हा बंद पडले. तिसऱ्यांदा चालू झाले तोवर संघ हरला होता. फेरी तीन सामन्यांची होती. पुढचे दोन सामने त्यांनी राखीव खेळाडू संजनाला घेऊन जिंकले.

संध्याकाळी संघाची कर्णधार रोशनी हिचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"राग मानू नकोस तेजू. पुढे पण संजनाच खेळेल. तू ऐन वेळेला नसतेस."

"मशीन बंद पडतंय गं."

"ते आम्ही काय करणार? पुढच्या शनिवारपर्यंत नीट झालं तर सांग, बघू."

तेजस्विनी "बरं" म्हणाली आणि बराच वेळ माझ्या शेजारच्या काळ्या मॉनिटरसमोर बसून राहिली.

त्यानंतर त्या आठवड्यात दोनदा मला दुकानात नेले. रविराज पाच मिनिटे मला चालू ठेवायचा, आणि पाच मिनिटांत मी तापत नसे. पहिल्यांदा तो म्हणाला, "घरचं वायरिंग तपासा." दुसऱ्यांदा त्याने खंडेरावांना बाजूला घेतले. "काका, स्पष्ट बोलतो. हिने काहीतरी भलतंसलतं डाउनलोड केलंय. हल्लीच्या मुलांना काही सांगायची सोय नसते."

परतताना रिक्षात मी तेजस्विनीच्या मांडीवर होते. खंडेरावांनी विचारले, "काय टाकलंस त्यात?"

"काहीच नाही पप्पा."

"मग आपोआप बंद पडतं का?"

तिने तोंड बाहेर वळवले. तिचे दोन्ही हात माझ्याभोवती होते, मी धक्क्याने आपटू नये म्हणून. मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी माझ्या पोटातल्या झुरळांचीही कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी काच पुसता पुसता चंद्रभागा थांबल्या. "अहो, याला वास येतोय. पाल मेल्यासारखा."

खंडेराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माझ्या मागच्या जाळीला नाक लावले. लगेच मागे झाले. ते उठले, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि मला उचलून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवले.

"पप्पा, सील आहे त्याच्यावर," तेजस्विनी म्हणाली.

"बावीस वर्षं मशीन उघडून बघतोय मी. हेच एक न बघता घेतलं," ते म्हणाले. "ये, तू सांग काय कसं काढायचं ते."

सील फाटले. काच निघाली. तेजस्विनीने कार्ड काढून उलटे धरले तेव्हा आतून काळा बोळा लोंबू लागला. तिने चिमट्याने तो ओढला, तर तो केसांच्या गुंत्यासारखा येतच राहिला. मग खालचा कप्पा उघडला. एसएमपीएस बाहेर काढताना त्याच्याखालचा चिकटा ताणला गेला. नवे लेबल एका कोपऱ्यात सुटले होते. खंडेरावांनी ते नखाने सोलले. खाली दुसऱ्याच नावाचे, पिवळे पडलेले लेबल होते. त्यांनी डब्याचे झाकण उघडले आणि आतून झुरळांची वाळकी टरफले वर्तमानपत्रावर सांडली. अंड्यांची तपकिरी पाकिटे पत्र्याला चिकटून होती. दोन झुरळे जिवंत होती. ती खंडेरावांच्या हातावरून पळाली.

चंद्रभागांनी पदर नाकाला लावला. खंडेराव नळाखाली हात धरून बसले. साबण लावून झाला, पुन्हा लावला.

"हे आपल्या घरात होतं," ते म्हणाले. नंतर मान खाली घालून म्हणाले, "आणि मी तुला विचारत होतो, तू काय टाकलंस."

तेजस्विनी म्हणाली, "जाऊ दे पप्पा." 

त्याच दिवशी ते दोघे दुकानात गेले. मला त्यांनी उघडीच नेले, पोटातून निघालेले सगळे वर्तमानपत्रात बांधून. काउंटरवर एक वयस्कर बाई उभ्या होत्या. कुसाबाई त्यांचे नाव. निफाडकडच्या होत्या. नात वेदिका हिला संगणक घ्यायला त्या आल्या होत्या. माझ्यासारखीच एक दिव्यांची पेटी त्यांच्यासमोर लखलखत होती.

खंडेरावांनी पुडके सोडले. रविराजने ते पाहिले आणि लगबगीने पुढे आला. आवाज अगदी खाली आणला. "काका, इकडे या. नवीन कार्ड, नवीन एसएमपीएस, आत्ताच्या आत्ता बसवून देतो. फक्त गिऱ्हाइकासमोर तमाशा नको. त्या आजींना एवढंच सांगा, किरकोळ होतं, करून दिलं."

शनिवार दोन दिवसांवर होता. आत्ता मी नीट झाले असते तर तेजस्विनीला संघात परत जाता आले असते. खंडेराव तिच्याकडे वळले. "तू सांग तेजू. तू म्हणशील ते."

तेवढ्यात कुसाबाईच म्हणाल्या, "पोरी, तू यांच्याकडचंच वापरतीस ना? चांगलं हाय का? मला यातलं काय बी कळत नाय."

 तेजस्विनीने वर्तमानपत्र त्यांच्यासमोर सरकवले. "आजी, हे आमच्या मशीनमधून निघालं. तयार घ्यायला हरकत नाही. ज्याला वेळ नाही त्यानं तयारच घ्यावं. पण आधी यांना काच काढून सगळं दाखवायला सांगा. खालचा कप्पासुद्धा."

कुसाबाईंनी पुडक्यात पाहिले आणि तोंड फिरवले. मग त्या रविराजला म्हणाल्या, "उघडा की ओ. बघू द्या."

"आजी, सील तोडता येत नाही."

"सील तुम्हीच लावलं ना? मग?"

रविराजने ती पेटी आपल्याकडे ओढली. कुसाबाईंनी वेदिकाचा हात धरला आणि त्या दुकानाबाहेर पडल्या.

"झालं समाधान?" रविराज म्हणाला. त्याचा गोडवा पार उतरला होता. "तुमचं सील तुटलंय. आता मी काही देणं लागत नाही. ही घाण उचला इथून."

"उचलतो," खंडेराव म्हणाले. "पेटी तेवढी. बाकीची तुमची आहे." आणि वर्तमानपत्र तसेच काउंटरवर उघडे ठेवून ते निघाले.

घरी तेजस्विनीने मला साबणाच्या फडक्याने आतून धुतले. कानाकोपऱ्यातला चिकटा काढायला तिने जुना दात घासायचा ब्रश घेतला. तीन वेळा पुसूनही ती नाक जवळ आणून वास घेत होती. त्या शनिवारी संघ तिच्याशिवाय खेळला. ती घरीच होती.

नवे भाग एकेक करून आले. त्याला दिवाळी उजाडली. प्रत्येक भाग ती खोक्यातून काढून वडिलांना दाखवायची आणि तो काय करतो ते सांगायची. खंडेराव बॅटरी धरून बसायचे. शेवटचा भाग बसला, तिने बटण दाबले आणि काहीच झाले नाही. तिचा चेहरा उतरला. खंडेराव एवढेच म्हणाले, "घाई नको. पहिल्यापासून बघ." ती पहिल्यापासून बघत गेली. रॅमची एक पट्टी नीट खाचेत बसलेली नव्हती. तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबली, टक् असा आवाज आला, आणि मी चालू झाले. या खेपेला पोटातून थंड, स्वच्छ वारा गेला. तो कसा असतो हे मला पहिल्यांदाच कळले.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत रोशनीने तिला परत बोलावले. मुली उपांत्य फेरीत हरल्या. पण मी एकदाही बंद पडले नाही.

आता मी जुनी झाले. माझ्या तीन दिव्यांपैकी दोन गेले आहेत, आणि मला त्यांची आठवणही येत नाही. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घरी आणाल तेव्हा तयार आणा नाहीतर स्वतः जोडा. मला दोन्हींबद्दल काही म्हणायचे नाही. पण मला न उघडता घेऊ नका. घेतल्यावर महिन्याकाठी एकदा माझी काच काढा, धूळ झटका, आत नाक घालून पाहा. मी बोलू शकत नाही. माझ्यात काय भरले आहे ते मला माहीत असते, पण ते मी कोणालाही सांगू शकत नाही.

परवा खंडेरावांच्या कारखान्यातले योगेश घरी आले होते. मुलासाठी संगणक घ्यायचा होता. चहा घेता घेता त्यांनी विचारले, "खंडेराव, तयार घ्यावा की जोडून घ्यावा? तुमचा काय अनुभव?"

खंडेरावांनी कप खाली ठेवला आणि आत हाक मारली, "तेजू, बाहेर ये गं. हे तुला काहीतरी विचारायला आलेत."