सतरावी चूक

"ताई, तेवढी सही करून टाका. चार वाजता सॉफ्टवेअर सगळ्या दवाखान्यांत जायचंय," म्हणत साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला.

ताईंनी चष्मा लावला. फॉर्मला जोडलेल्या, माहीत असलेल्या चुकांच्या यादीतली सतरावी त्यांनीच शोधली होती. मुलाची खाट बदलली, की त्याच्या औषधाचं प्रमाण त्या खाटेवरच्या आधीच्या मुलाच्या वजनावरून निघायचं. पुढे शेरा होता : 'क्वचित. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती.'

"ही अशीच पाठवायची?"

"अहो, हजारात एकदा होतं! बिनचूक सॉफ्टवेअर कुणी पाहिलंय?"

"त्या एकाचं वजन किती असेल, साहेब?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अठरा वर्षं नर्स होत्या ताई. गुडघे बोलू लागले म्हणून सॉफ्टवेअर तपासायच्या या खुर्चीवर आल्या. सगळे मागून त्यांना 'खुसपटबाई' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनापासून आवडायचं.

"तुम्ही नाही केलीत तर मी करीन. मग तुमचं इथे काम काय, असं वरचे विचारतील."

"विचारू देत की."

ताईंनी सहीच्या जागी ठळक अक्षरांत 'सही नाही' लिहिलं. मग साहेबांसमोरच फोन उचलून, जिथे या सॉफ्टवेअरची चाचणी चालू होती त्या दवाखान्यातल्या बालविभागाच्या मोठ्या सिस्टरना लावला.

"सिस्टर, खाट बदललेल्या मुलाचा डोस पडद्यावरून घेऊ नका. चुकीचा दाखवतो."

"फोन ठेवा!" साहेब ताडकन उठले.

"सांगून झालं की ठेवते."

पलीकडून सिस्टरांचा बारीक आवाज आला, "सकाळीच एका मुलीला खिडकीपाशच्या खाटेवर हलवलंय. इंजेक्शन भरून तयार आहे... थांबा." पावलं धावत गेली, परत आली. "दुप्पट होतं, ताई. दिलं नव्हतं अजून."

साहेबांनी फॉर्म उचलून खणात टाकला.

सॉफ्टवेअर चार वाजता गेलं नाही. पण परवानगीशिवाय गिऱ्हाइकाला फोन केला म्हणून पाच वाजता ताईंचं ओळखपत्र काढून घेतलं. "माफीचं पत्र द्या, बघतो," साहेब हळूच म्हणाले.

"कशाची माफी?" म्हणून ताई चालू लागल्या.

त्या थेट बालविभागात गेल्या. तिथल्या संगणकावर कुणीतरी उशीचा अभ्रा घातला होता.

"कंपनीतर्फे आलात?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"नाही. अशीच आले."

सिस्टर त्या मुलीचं वजन करत होत्या. काट्यावर ती हातपाय झाडत होती, आकडा ठरत नव्हता. ताईंनी हात धुतले आणि त्या वाकून तिच्याशी काहीबाही बोलत राहिल्या. मुलगी गप्प झाली, काटा थांबला. सिस्टरांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि ताईंनी तो कागदावर लिहून घेतला.