साहेबासाठी भरलेली बाटली

तारापूरला वीजघर होणार म्हणून बोलणी चालली होती, त्या साली चिंचणीच्या तळ्यावर पोहायची बंदी आली. निमित्त जमनाची नात चिमी. पोहून आली नि ओकतच सुटली. मागोमाग पाड्यातली आणखी पोरं आजारी पडली. कोळ्याचं पोर आधी तळ्यात हातपाय मारतं, मगच होडीवर चढतं. तळंच बंद म्हणजे झालंच की!

आरोग्य खात्याचे साहेब आले आणि एक बाटली जमनाच्या हाती देऊन गेले. ती दर बाजाराला सुकट विकायला पालघरला जायची ना!

"तळ्याचं पाणी भरून कचेरीत आणा. बाटली धुऊ नका हं. पोरांनी पोहायचं की नाही, ते तपासून सांगतो."

धुवायची नाय? जमना चक्रावली. शिकलेल्या माणसाला अशी बाटली चालते? आणि तळ्याचं पाणी तरी कसलं, हिरवंगार, शेवाळलेलं. ते कचेरीत नेऊन गावाची अब्रू घालवायची? पावण्याला गढूळ पाणी देतं का हो कुणी? तिनं बाटली राखेनं लख्ख घासली, आपल्या अंगणातल्या विहिरीचं पाणी भरलं नि बाजाराच्या दिवशी पालघरच्या कचेरीत देऊन आली.

काही दिवसांनी साहेब स्वतःच तळ्यावर आले, हसत.

"पाणी उत्तम आहे. पोहू द्या पोरांना!"

जमनाचं डोकं गरगरलं. विहीर चांगली, ते तिला ठाऊकच होतं. पण तळं कसं चांगलं? दोन्हींचे झरे खालून एकच असतील काय? की वैद्य नाडी धरून पोटातलं सांगतो, तसं सायबाला बाटलीवरून सगळ्या गावाचं पाणी कळतं? मग चिमी का ओकली? एक धरावं तर दुसरं सुटत होतं. विचारावं, तर सायेब म्हणायचा, बाय, फसवलंस. फसवलं कुठं? मान राखला!

धप्प! पहिली उडी चिमीचीच.

लुगड्यासकट जमना तळ्यात घुसली.

"भायेर ये गं! सायेब, ते पाणी तळ्याचं नाय, माझ्या विहिरीचं होतं!"

"अहो आजी, काय केलंत हे!" साहेब काठाकडे धावले.

जमनानं चिमीचा दंड धरून ओढलं. पोरगी फणकारली.

"सोड ना, आजे! सायेब बोलले चांगलं हाय, म्हणून मी आज पोटभर प्यायले पण."