बोलकी घागर आणि माझे नसलेले मिस्टर

"आला! आला! आबांचा आवाज आला!" असं ओरडून एक धटिंगण माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला, आणि बघता बघता तंबूसमोर ही गर्दी! तंबूत चौरंगावर तांब्याची एक काळपट घागर आडवी ठेवलेली. एकेक जण गुडघ्यावर बसायचा, तिच्या तोंडाला कान लावायचा आणि डोळे पुसत उठायचा. वर पाटी होती : 'गोरक्षनाथ बाबा घागरवाले. गेलेल्या माणसाशी बोला.' आमच्या मिरजगावातून नगरला फोन लावायचा तर तेव्हा सकाळची दुपार व्हायची, आणि हा बाबा थेट वरची लाईन जोडून देत होता!

शहाण्णव सालचा हिवाळा. नगरला कॅन्टोन्मेंटच्या बाजूला मैदानावर जुन्या वस्तूंचा आणि हातकामाचा मेळा भरला होता. मी मिरजगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. आई-वडील गेले, भाऊ त्याच्या संसारात. बाकीचे दिवस पोरांच्या कालव्यात निघून जातात, पण रविवारी घर खायला उठतं. म्हणून एसटीनं आले होते. घ्यायचं काही नव्हतं. घोंगड्यांवरून हात फिरव, कंदिलाची काच बघ, जुन्या पानडब्याची किंमत विचार, असं चाललं होतं. किंमत विचारली की समोरचा माणूस दोन शब्द बोलतो, तेवढंच बरं वाटतं. एकानं फारच आर्जव केलं म्हणून पितळेची जुनी दौत तेवढी घेतली. पुढं जाते तो हा तंबू.

बाबाची जीभ मात्र कातरीसारखी चालत होती. "ही घागर साधी न्हाई, मंडळी! तीनशे वर्सं समाधीखाली हुती! हिच्यात माणसाची वस्तू टाका, माणूस बोललाच म्हणून समजा. फकस्त मन साफ पायजे. ज्याच्या मनात खोट, त्याला नुसतं गुं गुं!" कुणी वडलांचं धोतर पुढं केलं तर म्हणाला, "कापडात आत्मा धरत न्हाई. धातू आना. तांबं, पितळ, चांदी. जुनं असंल तर लई बरं." आणि वर आणखी एक नियम : बोलून झालं की वस्तू बाबाकडेच राहणार. घरी नेली तर आत्मा दारात अडकतो म्हणे.

वाऱ्यानं मागचा पडदा उडाला तेव्हा मला आतली ट्रंक दिसली. समया, पानडबे, चांदीचे करदोटे, सगळं पेंढ्यात गुंडाळून नीट लावलेलं. आत्म्याला पेंढा कशाला लागतो? पेंढा लागतो लांबच्या गिऱ्हाइकाला माल धाडायला.

रांगेत माझ्या पुढं लंकाबाई उभ्या होत्या. आमच्याच गावच्या, वेशीजवळ राहतात. सत्तरी उलटलेली. मला बघून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि आतला अडकित्ता दाखवला. पितळी, मुठीवर दोन पोपट, पोपटांच्या चोची झिजून गुळगुळीत झालेल्या.

"मालकांचा हाय, बाई. माझं दात गेलं तवापासनं तेच मला बारीक सुपारी कातरून द्यायचे, रोज सांजच्याला. त्यांची एवढीच वस्तू उरलीया."

"आणि ती त्या बाबाला देणार?"

"ते बोलनार हायती की! मग वस्तूचं काय घिऊन बसलाय?"

माझं डोकं भणभणलं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागणं म्हणतात ते हेच. पण समजावून सांगायला वेळ नव्हता, त्यांची पाळी आली होती. बाबानं गोड आवाजात विचारलं, "आजी, मालक काय म्हनून हाक मारायचे?"

"लंके म्हनायचे."

अडकित्ता घागरीत पडला. बाबानं कान लावला, डोळे मिटले. "येतंय... ल... लं... लंके म्हनत्यात बगा!"

आता यात चमत्कार तो कसला? आत्ताच तर तुला सांगितलं बाबा त्यांनी! पण लंकाबाईंनी कान लावला, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा असा काही उजळला की मला पाहवेना. त्या उठल्या तेव्हा अडकित्ता बाबाच्या मांडीखाली गेला होता.

"थांबा," मी म्हणाले. "माझंही बघा." आणि पिशवीतली दौत काढून दिली. "आमच्या मिस्टरांची."

बाबानं दौत उलटीपालटी करून पाहिली. माल चोख होता. घागरीत टाकली, कान लावला, मान डोलावली. "लई माया हुती तुमच्यावर. म्हनत्यात, एकटीच दमतीस गं. वेळेवर जेवतीस का? ऐका तुमी."

मी कान लावला. आत एक जाड, संथ घुमणं होतं. खरं सांगते, मला ते कसं घुमतं हे ठाऊक होतं, पोरांना मी ते दरवर्षी शिकवते. तरी मला कान काढवेना. वेळेवर जेवतेस का, हे मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! आणि विचारलं कुणी, तर एका लबाडानं, माझ्या नसलेल्या नवऱ्याच्या नावानं. मला त्याचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, ही दौत मी सकाळीच पलीकडच्या दुकानातून घेतली. आणि माझं लग्नच झालेलं नाही. माझ्यासाठी थांबलेलं कुणी नाही, ना इथं, ना वर."

हे असं चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती, कान तापले माझे. पण बाबा कसला वस्ताद! "मागल्या जन्मीचे मालक असतील, ताई!" म्हणून मोकळा. आणि आपले लोक बघा, दोघातिघांनी माना डोलावल्यासुद्धा!

आता मात्र माझ्यातली मास्तरीण चवताळली. शेजारी कलाबाई नावाची कुंभारीण मडकी मांडून बसली होती. तिच्याकडून एक मोठा माठ घेतला, एक लहानसं बोळकं घेतलं आणि रडून झालेल्या त्या धटिंगणाच्या हातात दिलं. "लावा कान."

त्यानं माठ लावला, मग बोळकं लावलं. "ह्यात बी घुमतंय की! ह्यात जाड, ह्यात बारीक."

"हो ना? हा माठ गेल्या आठवड्यात भाजलाय. समाधीखाली कधी गेला?"

"आगं बया, माझा माठ कशाला जातोय समाधीखाली!" कलाबाई फिसकन हसली.

मग मी बाबाच्या घागरीतली दौत काढली, घागर उभी केली आणि कलाबाईच्या रांजणातलं दोन तांबे पाणी तीत ओतलं. बाबा हा हा म्हणेपर्यंत लोक कान लावायला सरसावले होते. आवाज चढला होता. आणखी पाणी, आणखी चढला.

"काका, तुमचे आबा पाणी प्यायले की पोरीच्या आवाजात बोलायचे का?" मी विचारलं. लोक खदखदून हसले. तो माणूस हसला नाही. खाली बघत राहिला, आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली.

म्हणून मग नीट, हळू सांगितलं. भांडं रिकामं नसतं, त्यात हवा असते. मेळ्याचा हा सगळा गोंगाट आत शिरतो आणि त्यातला जो सूर त्या पोकळीला मानवतो, तेवढाच ती घुमवते. पोकळी मोठी तर सूर जाड, पाणी घालून लहान केली तर बारीक. शब्द त्यात नसतातच. शब्द आपलं मन घालतं, आणि मनाला सुचले नाहीत तर बाबा घालतो. नुसतं गुं गुं ऐकू आलं तर तुमच्या मनात खोट नाही. तुमचा कान शाबूत आहे, इतकंच.

पुढं काय झालं ते सांगायला नको. ट्रंक उघडली गेली, ज्याची वस्तू त्याला मिळाली, आणि गोरक्षनाथ बाबा घागर तिथंच टाकून गर्दीत असे दिसेनासे झाले की तोच त्यांचा एकमेव खरा चमत्कार म्हणावा लागेल.

अडकित्ता मी लंकाबाईंच्या हातात ठेवला. वाटलं, त्या खूश होतील. त्या मटकन खाली बसल्या.

"बाई, तुमी खरं केलं. ह्यो गेला असता तर मी जन्मभर रडले असते. पर एक सांगू? निस्तं घुमतंय, हे मला बी कळत हुतं वो. घरात सून 'म्हातारे' म्हनती, नातवंडं 'आजे' म्हनत्यात, गावाला मी अमक्याची आई. लंके म्हननारं कुनी उरलंच न्हाई. त्या मेल्यानं तेवढं म्हटलं तर जीव थंड झाला बगा."

मी तिथंच मातीत त्यांच्या शेजारी बसले. मलाही सगळं गाव 'बाई' म्हणतं.

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर होतो. रुईछत्तीशी मागं पडेपर्यंत त्यांनी मला आपल्या मालकांचं सगळं सांगितलं, त्यांची भांडणं, त्यांचं रुसणं, सगळं. मध्येच थांबून म्हणाल्या, "तुमचं नाव काय वो, बाई?"

"भारती."

"मंग भारते, सरक की तिकडं. मला वारं लागू दे."

मी सरकले. खिडकी त्यांना दिली आणि म्हणाले, "बसा, लंकाताई."

तर मंडळी, माझं सांगणं सरळ आहे. कुणी चमत्कार दाखवला तर नमस्काराला हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. त्याच्या भांड्यात पाणी ओतून बघा, शेजारचं भांडं कानाला लावून बघा. मेलेलं माणूस कुठल्याही घागरीतून बोलत नाही. पण बाबा मूर्ख माणसं शोधत नसतो, तो एकटी माणसं शोधतो, आणि ती त्याला आपल्याच घराघरातून मिळतात. आपल्या घरातल्या म्हातारीला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंय का, ते आज जाऊन बघा. बाबा बघायला येईल, त्याच्या आधी.