उभ्याने मंजूर

माझी बायको सभागृहात निवडून गेली तेव्हापासून आमच्या घरात कामाची वाटणी झालेली आहे. बोलायचं काम तिचं, आणि लोकांना तोंड उघडायला लावायचं काम माझं. मी दातांचा डॉक्टर. दवाखाना सभागृहाच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे निम्मे सदस्य कधी ना कधी माझ्या खुर्चीत आ वासून बसून गेलेले आहेत. प्रेक्षक गॅलरीतून खाली पाहिलं की मला पक्ष दिसत नाहीत, कवळ्या दिसतात. गहिवरून भाषण करणाऱ्या माणसाबद्दल मला फारसा आदर वाटत नाही, तो याच धंद्यापायी. त्याच माणसाला मी साध्या सुईला घाबरून खुर्चीचे हात आवळताना पाहिलेलं असतं.

त्या दिवशी मी दवाखान्याला कुलूप घालून गॅलरीत जाऊन बसलो होतो. खाली ठराव यायचा होता: आघाडीवर लढणाऱ्या सैनिकांना या सभागृहाचा संपूर्ण पाठिंबा. नुसता पाठिंबा द्यायला काय लागतं? तोंडाची वाफ. पण बायकोने त्या ठरावाला एका वाक्याची दुरुस्ती दिली होती, आणि आमचा जीव त्या वाक्याला टांगलेला होता.

वाक्य साधं होतं. ज्या तुकड्या ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ आघाडीवर आहेत, त्यांना महिन्याभरात माघारी आणावं आणि त्यांच्या जागी ताज्या तुकड्या पाठवाव्यात. आमचा मुलगा अशाच एका तुकडीत आहे. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून त्याला टिल्लू म्हणायला लागलो. आता तो आमच्या दारातून वाकून आत येतो. नदीवरचा एक पूल राखायला त्याची तुकडी चार महिन्यांसाठी गेली होती. मग मुदतीचा नियम 'तूर्त' स्थगित झाला आणि वर्ष उलटलं तरी पोरं तिथेच आहेत. म्हणजे जी उरलीत ती. सरकारला पूल सोडायचा नाही आणि तिथे नवी माणसं पाठवायचीही नाहीत, कारण नव्या माणसांच्या आयाही मतदार असतात.

आदल्या संध्याकाळी आमच्याच सत्ताधारी पक्षाचा प्रतोद घरी येऊन गेला होता. प्रतोद म्हणजे कोणी कुठे मत द्यायचं हे सांगत फिरणारा माणूस. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, दुखऱ्या दाढेवर हात ठेवून तो बायकोची समजूत काढत होता.

"ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं मला. पण शत्रू ऐकतोय. आपली माणसं थकली हे आपणच जगाला सांगायचं का?"

"थकली नाहीत, मरतायत," भाजी चिरता चिरता बायको म्हणाली. "आणि शत्रूला ते आपल्याआधी कळतं. तोच मारतो ना त्यांना?"

"आणि दुरुस्ती पडली तर?"

"पडू दे की. पण मतदान होऊ दे. ज्याला नको असेल त्याने आपापल्या नावाने नाही म्हणावं, आणि मग गावात जाऊन सांगावं, मी तुमच्या पोरांना परत येऊ दिलं नाही म्हणून."

प्रतोदाचा चेहरा पडला. मतदान झालं तर दुरुस्ती पास होणार, हे त्यालाही ठाऊक होतं. असं नाही म्हणायची कोणाची छाती होती? उठताना तो "बघू" म्हणाला. प्रतोद बघू म्हणाला की त्याने आधीच काहीतरी पाहून ठेवलंय असं समजावं. पण आम्ही दोघं इतके खुशीत होतो की ते आमच्या लक्षातच आलं नाही.

आता त्या सभागृहाची एक रीत सांगायला हवी. एखाद्या थोर माणसाच्या निधनाचा, पुरात वाहून गेलेल्यांच्या दुःखाचा असा ठराव आला की सगळे उभे राहतात. सगळेच्या सगळे उभे असले की सभापती म्हणतात, "उभ्याने मंजूर," आणि विषय तिथेच संपतो. मग चर्चा नाही, दुरुस्ती नाही, मतदानही नाही. एक जरी सदस्य बसून राहिला तरी ते चालत नाही, मग सगळं रीतसर करावं लागतं. बायको नवी होती तेव्हा तिने हे मला हसत हसत सांगितलं होतं. फुटबॉलमध्ये आपला संघ जिंकला म्हणून अभिनंदनाचा ठरावही असाच मंजूर झाला होता म्हणे, आणि त्यात एका पुलाचं नाव बदलून टाकलेलं कोणी वाचलंच नव्हतं. पण युद्धाचा ठराव कधी उभ्याने झाला नव्हता, त्यामुळे ही रीत आम्हाला आठवायचं काही कारणच नव्हतं.

गॅलरीत माझ्या शेजारी लाँड्रीवाली येऊन बसली. आमच्याच रस्त्यावर तिची लाँड्री. तिचा एकुलता एक मुलगा टिल्लूच्या तुकडीत होता. सारखा शीळ घालायचा म्हणून आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो. टिल्लूबरोबर सुट्टीवर आला की आमच्याच घरी जेवायचा आणि चार माणसांचं जेवायचा. मागच्याच महिन्यात तो पुलावर मारला गेला.

"मला न्यायला गाडी पाठवली होती हो डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "पुढच्या रांगेतच बसायचं म्हणाले. ताईंनी सांगितलं असेल ना?"

ताईंनी काही सांगितलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिची खुर्ची बरोबर माझ्या बायकोच्या बाकासमोर होती. बायकोने नुसती मान वर केली तरी दोघींची नजरानजर झाली असती.

सभागृह नेता उठला. त्याची वरची कवळी मीच बसवलेली आहे, 'स' म्हणताना ती अजून किंचित सुटते. तो म्हणाला की चर्चा सुरू होण्याआधी, गेल्या काही आठवड्यांत धारातीर्थी पडलेल्यांची नावं आपण ऐकू या. पहिल्या नावाला पुढची बाकं उभी राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या नावाला मागची. खुर्च्या सरकल्याचे आवाज, खोकले, मग शांतता. दुरुस्तीला अनुमोदन देणारे विरोधी पक्षाचे म्हातारे वकीलकाका काठीवर भार टाकून उठले. मृतांची नावं चालू असताना बसून कोण राहणार?

शेवटचं नाव शिट्टीचं होतं. ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. लाँड्रीवाली उभी राहिली. गॅलरीत उभं राहायला मनाई असते, पण मार्शलने मान फिरवली. ती कठड्याला धरून खाली बघत होती, आणि खाली माझी बायको उभी राहून तिच्याकडे बघत होती. दोघींच्या डोळ्यांना धार लागली होती. मीसुद्धा रडत होतो, लाज कसली त्यात.

शांतता संपली की सभापती "बसावे" म्हणतात. ते म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला आणि समोरचा कागद उचलला. ठरावाचा कागद. त्याच क्षणी मला ती उभ्याने मंजूर करायची रीत आठवली, कारण प्रतोद रुमालाने कपाळ पुसत होता आणि त्याची नजर माझ्या बायकोवर होती.

मी ओरडलो. "बस! अगं, खाली बस!"

सगळं सभागृह वर बघायला लागलं. "बस म्हणतो ना! मंजूर करतायत ते! बस खाली!"

मार्शलने माझ्या काखेत हात घातला. पण मला आठवतं ते लाँड्रीवालीचं तोंड. ती माझ्याकडे वळली होती. तिला सभागृहाच्या रीती काय माहीत? तिच्या मुलाचं नाव आत्ताच घेतलं गेलं होतं आणि शेजारचा डॉक्टर, ज्याच्या घरी तो पोरगा जेवायचा, तो बायकोला खाली बस म्हणून ओरडत होता. ती नुसती जरा बाजूला सरकली.

खाली बायकोला कळलं होतं. तिचे हात बाकावर टेकले, गुडघे किंचित वाकले. मला वाटलं, बसली! मग तिने परत वर पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. आणि ती ताठ उभी राहिली.

"सभागृह उभे आहे," सभापती म्हणाले. "ठराव उभ्याने, एकमताने मंजूर." बाकं वाजायला लागली तोवर मला जिन्यात नेलं होतं.

मार्शलच्या खोलीत मला बसवून माझं नाव-गाव लिहून घेतलं. थोड्या वेळाने प्रतोद पाण्याचा ग्लास घेऊन आला. "डॉक्टर, भावना समजू शकतो मी. पण सैनिकांचा अपमान झाला हो. मी सांगून मिटवलंय." मग जरा घुटमळून म्हणाला, "उद्या दवाखाना उघडा आहे ना? ही दाढ आता सोसवत नाही." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. पाणी मात्र मी प्यायलो.

घरी जाताना गाडीत मी बायकोला नाही नाही ते बोललो.

"एक क्षण टेकायचं होतं तुला! एवढी वर्षं त्या बाकावर बसतेस, नेमकं आजच बसता आलं नाही?"

"ती माझ्याकडे बघत होती, अहो."

"बघू दे ना! तिचा गेला, आपला आहे अजून!"

हे बोललो आणि माझंच मला ऐकवेना. बायको रस्त्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "तिचा गेला म्हणूनच. त्याच्या नावाला सगळे उभे आणि मी एकटी बसले, असं ती आयुष्यभर बघत राहिली असती. मी कशी बसणार होते, सांगा ना."

मी विषय पुन्हा मांडता येईल का, एवढंच विचारलं. या अधिवेशनात नाही, ती म्हणाली. मंजूर झालेल्या ठरावाला हात लावता येत नाही. पुढचं अधिवेशन हिवाळा सरल्यावर. पुलावरची लढाई तोवर काही थांबणार नव्हती.

घरी येऊन आम्ही नुसते बसून राहिलो. कोणी काही खाल्लं नाही. संध्याकाळ झाली आणि फोन वाजला. टिल्लूचा फोन असा अधूनमधून कधीही येतो, कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळालेली दोन मिनिटं. मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे दोघांना ऐकू येईल.

"बाबा! आई आहे का तिथे? आम्ही रेडिओवर ऐकलं. एकमताने! एकमताने म्हणाले, बाबा!" मागे गलका चालला होता, कोणीतरी डबा बडवत होतं आणि पोरं बेसूर गात होती. "मी सांगितलं होतं सगळ्यांना, माझ्या आईचं वाक्य आहे त्यात. कोणी विश्वास ठेवत नव्हतं. आता मला खांद्यावर घेतलं त्यांनी. आई, ऐकतेयस ना? सगळ्यांनी बोजे बांधलेत. महिना म्हणजे आजपासून धरायचा का गं? निघायचं कधी?"

बायकोने तोंड उघडलं.  सभागृहात तासन्‌तास बोलणारी बाई, तिची दातखीळ बसली. तिने फोनकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला. गाडीत मी तिच्यावर आगपाखड केली होती, पण तिला हे बोलायला लावणं मला जमलं नाही.

"टिल्लू," मी म्हणालो, "ते वाक्य त्यात नाहीये रे."

"म्हणजे?"

"आईचं वाक्य घेतलं नाही. त्याआधीच मंजूर केला ठराव."

मागे गाणं चालूच होतं. 

"मग आहे काय त्यात?"

"तुमचं कौतुक आहे," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. मग कोणीतरी त्याला हाक मारली, लवकर ये म्हणून, आणि तो फोनच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात बोलायला लागला. "आई, रडू नकोस. बाबा, हे मी आज सांगत नाही त्यांना. आज गाऊ देत. उद्या सांगतो."