मागे घेतलेलं पाऊल

मी एका नायकाचा डावा बूट बोलतोय. साहसपटांच्या एकाच मालिकेत तुम्ही मला सहा वेळा पाहिलंय. सातव्या खेपेची मात्र मला धास्ती वाटते.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी आमचा नायक अगदी नवखा होता. दरीवरच्या ओल्या कातळावरून उडी, कमरेला एकच दोर. त्याची बोटं माझ्यात अशी आवळली, की माझी शिवण उसवायची वेळ आली! उडी कशीबशी जमली, पण पलीकडे पाय घसरला आणि तो "आई गं!" म्हणून ओरडला. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. चित्रपटगृहात लोकांचा श्वास अडकला.

मग दुसरा आला, तिसरा आला. दऱ्या खोल होत गेल्या आणि माझ्या आतली बोटं सैल. दरी म्हणजे हिरवा पडदा, खाली जाडजूड गाद्या. पडता पडता त्यानं एखादा विनोद करायचा, हेही ठरून गेलं.

सहाव्याच्या पहिल्या खेळाला तो मला मिरवत घालून गेला. शेजारी बायको चक्क घोरत होती.

"अहो, तुम्हाला काही होत नाही हे ठाऊकच असतं," परतताना ती म्हणाली. "मग मी जीव मुठीत धरून बसू कशाला?"

ते त्याच्या जिव्हारी लागलं. सातव्याला त्यानं हट्टच धरला. खरी दरी, खरी उडी.

कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी माझा तळ चाचपला. "साहेब, हा पार झिजलाय. आणि तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघतो."

कड्यावर वारा भणाणत होता. खडीवर मी सरकत होतो. किती वर्षांनी त्याची बोटं आवळली! मला आनंद व्हायला हवा होता. पण मला तर धडकीच भरली. उडीची खूण म्हणून दिग्दर्शकानं हात खाली केला. आणि नायकानं पाऊल मागे घेतलं. डावं.

"नाही जमणार," तो म्हणाला. "भीती वाटतेय मला."

कोणी हसलं नाही. बाईंनी तोंडावर हात घट्ट धरला होता. कॅमेरा चालूच होता.

"हेच ठेवू या," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "पहिल्या चित्रपटानंतर आज वाटलं, हा पडेल."

"आपला नायक घाबरत नसतो," निर्माते फटकन म्हणाले. "उडी संगणकावर करून घ्या."

आता मी कपडेपटाच्या फळीवर आहे. भिंतीपलीकडे संकलन चालतं. दिग्दर्शक आणि निर्मात्यांची बाचाबाची रोज ऐकू यायची. नायक येऊन दारातूनच विचारायचा, "ठेवलंय ना?" कालपासून पलीकडे सामसूम आहे. कोण जिंकलं, कळायला मार्ग नाही.

चित्रपट लागला की तुम्हीच बघा. कड्यावरून झेप दिसली, तर तो बूट माझा कोणी नव्हे. पण मागे येणारं पाऊल दिसलं, तर एवढंच करा: हसू नका त्याला.