तिसऱ्या भोकाचा आकडा

भोक पहिलं, अंगणात

इथे जमिनीखाली पूर्वी पेट्रोलची टाकी होती. पंप बंद पडला, टाकी उपसून नेली, खड्डा बुजवला. पण मातीत मुरलेल्या पेट्रोलची वाफ मागाहून वर येत राहते आणि बंद खोलीत साचते. ती येते का, हे बघायला तपासनीस बाई ड्रिल घेऊन आल्या. पंपाच्या जुन्या ऑफिसात दोघी जावांना पाळणाघर काढायचं होतं. बाईंच्या अहवालाशिवाय परवानगी मिळणार नव्हती. धाकटीचं म्हणणं, तोवर थांबू. थोरलीने इवल्या इवल्या खुर्च्या आणूनही ठेवल्या होत्या.

आकडा: जवळजवळ शून्य.

भोक दुसरं, भिंतीलगत

तेच. थोरलीने धाकटीकडे बघून भुवया उडवल्या.

मध्येच, नाकाबद्दल

या घरात पेट्रोलचा वास कुणालाच येत नाही. सासऱ्यांचा उभा जन्म पंपावर गेला. त्यांचं नाक त्यांच्या आधीच निवृत्त झालं. सुना नव्या होत्या तोवर नाक मुरडायच्या, मग त्याही घरच्या झाल्या. बाईंचं नाक शाबूत होतं, पण जुन्या पंपावर वास यायचाच असं त्या धरून चालल्या. शिवाय नाक काय म्हणालं ते अहवालात लिहिता येत नाही.

भोक तिसरं, मुलांच्या खोलीत

फरशीला भोक, भोकात नळी, कडेने चिकणमातीचा लेप. सासरे गुडघ्यांवर हात टेकून अगदी नळीवर ओणवे. बाईंनी मीटर जोडला. आकडा चढला, आणि चढतच राहिला.

धाकटीने एक खुर्ची उचलली, खाली ठेवली आणि दुकानदार परत घेईल का, असं हळूच विचारलं.

"परत बिरत काही नाही," थोरली म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

भोक तिसरं, टबाखाली

बाईंनी भोकावर टब पालथा घातला आणि आत हेलियम सोडला, फुग्यात भरतात तो. लेप घट्ट असेल तर हेलियम नळीत शिरणार नाही. शिरला, तर नळी जमिनीखालची नाही, खोलीतलीच हवा ओढतेय.

शिरला. चांगला भरभरून. लेपाला चीर गेली होती, आणि लेप बाईंनीच लावला होता. त्यांनी कपाळाला हात लावला, मग मीटर घेऊन खोलीभर फिरल्या. खिडकीशी आकडा कमी, दाराशी कमी, सासऱ्यांजवळ जास्त. सासरे अदबीने बाजूला सरकले. आकडाही त्यांच्या मागोमाग सरकला.

"बाबा, खिशात काय आहे?" धाकटीने विचारलं.

"कुठे काय. फडकं."

मग उलगडा झाला. बाईंनी फोनवर बजावलं होतं, जागेत रंग, थिनर, सेंट काही नको. धाकटीने घरात तंबी दिली की खोली रंगवताना फरशीवर उडालेल्या रंगाचा एक ठिपका दिसता कामा नये. म्हणून सासऱ्यांनी सकाळी उठून सगळे ठिपके पुसून काढले. पंपावर जन्मभर ज्याने सगळं पुसलं, त्यानेच. स्कूटरच्या टाकीतून थोडं काढून.

"डाग राहिलाय का एक तरी?" त्यांनी विचारलं.

थोरली हसत हसत मागे रेलली ती नेमकी इवल्या खुर्चीत, आणि अडकली. तिला ओढून काढायला बाईंनाही हात लावावा लागला.

भोक तिसरं, पुन्हा

फरशी साबणाने धुतली. खिडक्या उघड्या टाकून खोली वाऱ्यावर सोडली. फडकं आणि सासरे दोघांनाही रस्त्यापलीकडे धाडलं. नवा लेप, नवा टब. नळीत हेलियम शिरला नाही. आकडा जवळजवळ शून्य. नळीतली हवा स्टीलच्या डब्यात भरून प्रयोगशाळेत गेली, तिथूनही तेच आलं.

भोक चौथं

पाडायची गरज पडली नाही. तिथे आता खुर्च्या आहेत.

सासरे रोज सकाळी हात धुऊन दारात उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक पोरापुढे तळवे धरतात. पोरं मन लावून हुंगतात. साबण म्हणाली तर आजोबा आत, नाहीतर परत नळाखाली.

परवा एका चिमुरडीने बिस्कीट असा निकाल दिला. थोरलीने लगेच त्यांना खिसा उलटा करायला लावला.