करंड्यासकट वाढलेलं जेवण

मित्रांनो, मी एक जुना लाखी करंडा आहे. स्तूपासारखं निमुळतं झाकण, बाहेरून शेंदरी, आतून काळाभोर. विहारातल्या भिक्खूंचं जेवण नेण्यासाठी माझा जन्म झाला. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मभर दुसऱ्याचं जेवण पोटात घेऊन फिरणाऱ्याला सावध राहावंच लागतं.

म्यिंकबा गावातल्या ऊ पो चेइ या कारागिराने मला घडवलं. बांबूच्या पट्ट्या गोल गोल गुंडाळून माझं अंग बांधलं, त्यावर झाडाचा काळा चीक चढवला आणि मला तळघरात ठेवून दिलं. तो चीक दमट अंधारातच नीट वाळतो. वाळला की घासायचं, पुन्हा लेप, पुन्हा तळघर. असे आठ महिने गेले. अंधारात बसून मी वरच्या पावलांचे अर्थ लावत राहिलो. ती खोड तेव्हापासूनची.

पुढे मी त्यांच्या नातीकडे, दॉ सां यीकडे आलो. दर पौर्णिमेला तिच्या डोक्यावरून मी विहारात जायचो. पोटात भात, कोंबडीचा रस्सा, चहाच्या मुरलेल्या पानांची वाटी. वाटेत बायका म्हणत, "काय देखणा आहे गं तुझा करंडा!" मी मात्र बघायचो, कोणाची नजर झाकणावर आहे आणि कोणाची रश्श्यावर.

विहारात एक रीत होती. वाट्या बाहेर काढायच्या, बुटक्या गोल मेजावर मांडायच्या, मेज दोघींनी उचलून भन्तेंपुढे धरायचं. भन्तेंनी हात लावला की मेजावरचं सगळं संघाचं झालं. म्हणून मी नेहमी दाराशी थांबायचो. मला मेजावर कोणी ठेवत नसे.

मग सून आली. मा चो. गालांवर थनाक्याच्या सालीचा पिवळसर लेप, बोलणं कमी. स्वतः लाखेवर नक्षी कोरणारी. आल्या आठवड्यातच तिने मला उलटं केलं, बुडावर बोटाने टकटक केली आणि कान लावला. मित्रांनो, वस्तू उलटी करून बघणारं माणूस एकतर ती दुरुस्त करतं नाहीतर विकतं. मी विकणंच धरून चाललो.

थोड्याच दिवसांत मंडालेहून ऊ बो थीन नावाचा व्यापारी आला. माझ्या कडेला नख घासून म्हणाला, "छे, भेगा पडल्यात. जुनाट माल. मी म्हणून नेईन हो." आणि तीनदा परत आला! दॉ सां यीचा मुलगा को ते लिन याला मोटारसायकल हवी होती. आई म्हणाली, "अरे, माझ्या आजोबांच्या हातचा आहे तो." तो म्हणाला, "तुझे आजोबा काय मला बाजारात सोडायला येणारेत?" मुलापुढे तिचं कधी चाललं होतं? ठरलं. वर्षावासाच्या पौर्णिमेला दुपारी व्यापारी मला नेणार. काचेच्या कपाटात, कुठल्या परक्या देशात. तिथे मला भाताची वाफ कोण देणार?

माझा सगळा संशय सुनेवर. त्याच आठवड्यात तिने भन्तेंना विचारलेलं मी ऐकलं होतं. "भन्ते, हात लावलेली वस्तू घरच्यांना परत घेता येते का?"

"नाही गं. का?"

"सहज."

सहज! ऐकून माझ्या अंगावरची लाख शहारली.

पौर्णिमा उजाडली. मा चोने मला भरलं, नेलं, आणि वाट्या न काढताच उचलून मेजावर ठेवलं. सासूचं लक्ष उदबत्तीत. मेज उचललं गेलं. भन्तेंनी हात लावला.

"अगं बाई!" दॉ सां यी ओरडली. "रस्सा वाढायला आणलं, तर करंडाच वाढून मोकळी झालीस?"

"चुकलं, आई." मा चोची मान खाली. आवाज मात्र अजिबात कापला नाही.

दुपारी को ते लिन व्यापाऱ्याला विहारात घेऊन आला. व्यापारी पायरीवरच थबकला. "संघाची वस्तू? नको रे बाबा. हे पाप माझ्या टेम्पोत नको." आणि गेला. को ते लिन बायकोशी दहा दिवस बोलला नाही. तिने ते दहा दिवस निमूट कोरणी चालवली. दॉ सां यी मात्र त्या संध्याकाळी माझ्यापाशी बसून, तिच्या पेहरावाला पदरच नाही म्हणून, हातानेच डोळे पुसत होती. हसतही होती, असा मला संशय आहे.

आता मी विहारातच असतो. मा चो दर पौर्णिमेला येते, बुडावर टकटक करते, जिथे लाख सुटली असेल तिथे चीक भरते आणि तो वाळेपर्यंत मला विहाराच्या तळघरात नेऊन ठेवते. एकदा भन्तेंनी विचारलं, "ती चूकच होती ना गं?"

"चूकच, भन्ते," ती म्हणाली आणि फडकं झटकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला उन्हात ठेवू नका, साबण लावू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कपाटात नुसती बंद करू नका, तिच्याकडून काम घ्या. आणि उलटं करून बघणाऱ्याला लगेच चोर ठरवू नका. मी हे शिकलो. तरी परवा एक नवी बाई माझ्याकडे टक लावून बघत होती, तेव्हा मी मा चोच्या टकटकीची वाट बघत बसलो.